शेवटची चरवी

सत्यजीतच्या ब्लॉगचे नाव ‘क्षणांवरची साय’ होते आणि त्याला तेवीस वाचक होते. त्यांतले नऊजण स्वतः ब्लॉग लिहीत आणि आपले वाचले जावे म्हणून दुसऱ्याचे वाचत. पाच-सहाजण दौंडच्या कॉलेजातले त्याचे विद्यार्थी होते. त्यांना अंतर्गत गुणांची काळजी होती. उरलेल्यांविषयी त्याला काहीच माहीत नव्हते, आणि म्हणूनच त्यांच्या रसिकतेवर त्याचा सर्वाधिक विश्वास होता.

त्या कॉलेजात तो तासिका तत्त्वावर मराठी शिकवी. न्हावऱ्याजवळच्या तळवस्तीवरून सकाळी मोटारसायकलने निघायचे, चौफुल्याला वळायचे, वरवंड मागे टाकायचे, आणि दौंडला पोचून आधुनिक कवितेतील एकाकीपणावर अठ्ठेचाळीस मिनिटे बोलायचे. वर्गात बहुधा सातजण असत. एकाकीपण समजावून सांगण्यास ती संख्या अनुकूल होती.

परतीच्या वाटेवर तो क्षण वेचत येई. उसाच्या पाचटावर थबकलेले ऊन, टपरीवरच्या ग्लासावर राहिलेला कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा, चाळीतल्या कांद्याच्या सालीचा वाऱ्यावरचा क्षीण आवाज. कधी छायाचित्र, कधी पेन्सिलीचे रेखाटन, कधी सहा ओळींची कविता, जिच्या ओळी मोडू नयेत अशा जागी निष्ठेने मोडलेल्या असत. ‘शेंग फोडताना’ हा त्याचा लेख नऊशे शब्दांचा होता आणि त्यात भुईमुगाची शेंग शेवटपर्यंत फुटत नव्हती. खाली प्रतिक्रिया उमटत: अप्रतिम, अफाट, निःशब्द. निःशब्द झालेली माणसे तेवढे मात्र न चुकता लिहीत.

त्याचे वडील हौसराव तळवस्तीच्या दूध संस्थेचे चेअरमन होते. सारी वस्ती त्यांना आप्पा म्हणे, सत्यजीतही. साहित्याशी आप्पांचा संबंध आयुष्यात एकदाच आला होता. संस्थेच्या दुधाचे फॅट उतरत चालले, वरच्या संघाने दोनदा पत्र पाठवले, तेव्हा आप्पांनी चोख दुधाची मोहीम काढली आणि मुलाला हाक मारून भिंतीवर रंगवायला एखादे वाक्य मागितले. सत्यजीतने चहा संपायच्या आत ते दिले: ‘सभासदाचे दूध, शेवटच्या थेंबापर्यंत संस्थेचे.’ संस्थेच्या दर्शनी भिंतीवर निळ्या अक्षरांत ते झळकले. त्याचे सर्वाधिक वाचले गेलेले वाक्य हेच होते, पण ब्लॉगवर त्याने त्याचा उल्लेख कधी केला नाही. आपल्या प्रतिभेचे ते अनौरस अपत्य आहे असे तो मनात मानी.

मोहिमेचा नियम साधा होता. धार काढताना सुरुवातीचे दूध पातळ येते आणि शेवटचे दाट. सारे सत्त्व शेवटच्या धारेत उतरते. ही शेवटची धार चरवीत वेगळी काढून घरी ठेवायची आणि उरलेले पातळ दूध संस्थेत घालायचे, ही फसवणूक ठरली. ज्याचे फॅट तीनदा साडेतीनच्या खाली जाईल, त्याचे नाव कमी होणार होते.

नाव कमी झाले ते एकट्या नकुशीबाईचे. तिच्याकडे एकच गाय होती. ज्याच्या गोठ्यात बारा जनावरे, त्याच्या कॅनमध्ये एक चरवी सहज लपते. एका गाईच्या किटलीत तिला लपायला जागा नसते. संस्थेत दूध तपासणाऱ्या पोपटने तिसऱ्यांदा आकडा वाचून दाखवला, तेव्हा संचालकांनी तिला बोलावून पाणी घातलेस का म्हणून विचारले. म्हातारीने सरळ सांगून टाकले.

“पाणी न्हाई घातलं, आप्पा. शेवटची चरवी नातीला ठिवते. टायफाईडनं पार वाळून गेलीया पोरगी.”

खोटे बोलली असती तर कदाचित निभावली असती. आप्पांनी दाराबाहेर येऊन भिंतीवरच्या निळ्या अक्षरांकडे बोट दाखवले. नकुशीबाईला वाचता येत नव्हते, तरी तिला ते कळले.

तेव्हापासून ती किटली घेऊन एसटीने न्हावऱ्याच्या चौकातल्या हॉटेलात दूध घालू लागली. एसटी आली तर दूध पोचे. न आली तर थांब्यावरच नासे. एका गाईसाठी दुसऱ्या कुठल्या डेअरीची गाडी तळवस्तीवर वळणार नव्हती. म्हातारीने वार्षिक सभेसाठी अर्ज दिला: नाव परत लावावे. नाही लागले, तर येत्या बाजारात गाय विकायची, हे तिने ठरवून टाकले होते. गोठ्यापुढे उभी राहून ती तसे गाईलाही सांगत असे, अशी वदंता होती.

या सगळ्याची सत्यजीतला अंधूक कल्पना होती. पण भोवतालचे वास्तव फार जवळ आले की त्याला ते किंचित गद्य वाटे. त्याच आठवड्यात त्याने एक लेख लिहिला. शीर्षक होते ‘पहाटेचा पितळी आनंद’.

‘ओलसर उजेडात तांबडी पान्हावते. पहिल्या धारा घाईच्या असतात, जगासाठी असतात. त्या बादलीत जातात आणि बादली संस्थेत. पण अखेरीस सडांत जे मागे रेंगाळते, दाट, आळसावलेले, जवळजवळ सोनेरी, ते आमच्या पितळी चरवीत उतरते. त्या चरवीचा चहा मी रोज ओसरीवर बसून पितो. गाय जगाला दूध देते. मन मात्र ती शेवटी देते, आणि ते मन आमच्या घरातच राहते.’

लेख एक्केचाळीसजणांनी उघडला. शिरूरच्या अनुपमा नावाच्या एका शिक्षिकेने, जिला तो कधी भेटला नव्हता, चार ओळींची प्रतिक्रिया दिली: या गद्याला चव आहे, हे गद्य जिभेवर रेंगाळते. सत्यजीतने त्या चार ओळी इतक्यांदा वाचल्या की लेख उघडणाऱ्यांचा आकडा त्याच्याच येण्याजाण्याने साठावर गेला.

ज्या वाचकांविषयी त्याला काही माहीत नव्हते, त्यांत नकुशीबाईची नात करिश्मा होती. आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या तिने ‘क्षणांवरची साय’ पहिल्यापासून वाचून काढली होती. शेंगेचा लेखही पुरा वाचला होता. असे करणारी ती बहुधा एकटीच. नवा लेख तिने आजीला वाचून दाखवला, कारण त्यात गाय होती. आजी भाकरी थापता थापता थांबली आणि चरवीचा तेवढा मजकूर पुन्हा वाचायला सांगितला. मग तिसऱ्यांदा.

वस्तीवर बातमी पायी चालते, पण थांबत नाही. सभेच्या आदल्या दिवशी पोपट ओसरीवर आला, चप्पल काढली आणि हलक्या आवाजात म्हणाला, “आप्पा, नकुशीबाईच्या नातीच्या मोबाईलमधी आपल्या घरची गाय हाय.”

आप्पांनी मुलाला बोलावले आणि काय लिहिले आहे ते वाचून दाखवायला सांगितले. वडिलांनी आपले लेखन मागावे, असा प्रसंग सत्यजीतच्या आयुष्यात प्रथमच येत होता. त्याने आवाजाची पट्टी सांभाळून, विरामचिन्हांना न्याय देत पूर्ण लेख वाचला. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. लेख कुठेतरी आत पोचला आहे, असे सत्यजीतला वाटले.

“पुसून टाक,” आप्पा म्हणाले.

त्या संध्याकाळी सत्यजीतने अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याविषयी पुष्कळ विचार केला आणि अनुपमाच्या चार ओळींविषयी त्याहून अधिक. लेख पुसला तर त्या ओळीही पुसल्या जाणार होत्या. अखेर त्याने मधला मार्ग काढला आणि आप्पांना तो कळवला. लेखाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, एक ओळ जोडली: ‘या लेखनातील व्यक्ती, प्राणी व प्रसंग पूर्णतः काल्पनिक आहेत.’ तांबडीचा त्यामुळे काही तोटा होणार नव्हता.

सभा दुसऱ्या दिवशी दुपारी समाजमंदिरात भरली. इतिवृत्त लिहायला दरवर्षीप्रमाणे सत्यजीत बसला, घरात एम. ए. झालेला मुलगा असल्याचा तेवढा एक ठोस उपयोग होता. बायकांच्या बाजूला, पुढच्या सतरंजीवर, त्याची आई साखरबाई होती. महिला राखीव जागेवरून ती संचालक होती. सह्यांची वही महिन्यातून एकदा चुलीपाशी येई आणि हात पुसून ती सही करी.

अहवाल मंजूर झाला, ताळेबंद मंजूर झाला, जे कुणी वाचले नव्हते ते सारे मंजूर झाले. मग नकुशीबाईचा अर्ज निघाला. आप्पांनी नियम पुन्हा सांगितला. संस्थेची शिस्त, वरच्या संघाची पत्रे, एकाला सूट दिली तर उद्या सगळेच मागतील, असे सारे त्यांनी शांतपणे मांडले. नकुशीबाई उभी राहिली. तिने शेजारी बसलेल्या करिश्माचा दंड धरून तिला उठवले.

मुलगी अजून अशक्त होती. तिने मोबाईल समोर धरला आणि ‘पहाटेचा पितळी आनंद’ वाचायला सुरुवात केली.

ती सुंदर वाचत होती. घाई नव्हती, नाटकीपणा नव्हता. जिथे वाक्य श्वास घेते तिथेच ती घेत होती. शंभरेक माणसे, ज्यांनी शालेय पुस्तकानंतर गद्य ऐकले नव्हते, गप्प बसून ऐकत होती. सत्यजीतच्या हातातली लेखणी थांबली. आपण पुराव्यादाखल वाचले जात आहोत, हे त्याच्या ध्यानातच आले नाही. ‘आळसावलेले’ या शब्दावर मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मान हलवली, ती त्याने टिपली. आपल्या गद्याला खरा कान आज मिळाला, एवढेच त्याला सुचत होते.

वाचन संपले. कुजबुज सुरू झाली. आप्पा सावकाश उभे राहिले.

“वाचलं ग्वाड पोरीनं. पर खाली बारीक अक्षरात काय लिव्हलंय, त्ये बी वाच की.”

“ही ओळ आधी नव्हती, आप्पा. मी पयल्यांदा वाचलं तवा नव्हती.”

“आता हाय ना? वाच.”

करिश्माने वाचले. व्यक्ती, प्राणी व प्रसंग पूर्णतः काल्पनिक. कुजबुज ओसरली. आप्पांनी सभेकडे पाहून हात पसरले. अकरा वर्षे चेअरमनपद राखणाऱ्या माणसाला, पाडाव केल्यावर वर एक विनोद लागतो हे ठाऊक असते.

“माझंच पोरगं हाय म्हनून सांगतो. त्यानं जन्मात गोठ्यात पाय ठिवला न्हाई. तांबडी मारकी का गरीब, इचारा त्याला. आभाळातली गाय हाय ती. आन् आभाळातल्या गाईचं फॅट आमचा पोपट तपासत न्हाई.”

समाजमंदिर हसले. माणसे मांडीवर थाप मारून हसली. पोपट सर्वांत मोठ्याने हसला. नकुशीबाई हळूच खाली बसली आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली. करिश्मा मोबाईल हातात धरून तशीच उभी राहिली. तिच्याकडे वाचायला आता काही उरले नव्हते.

“लिही सत्या,” आप्पा म्हणाले. “अर्ज नामंजूर.”

सत्यजीतने ‘अर्ज’ लिहिले. पुढचा शब्द लेखणीतून उतरेना. पुढे कुणी याचा उल्लेख त्याच्या विवेकाचा क्षण म्हणून करील, तर त्याने सावध राहावे. त्या घटकेला नकुशीबाई त्याच्या मनात नव्हती. गाय नव्हती, न्याय नव्हता. मनात होते ते एवढेच की मघाशी ज्या म्हाताऱ्याने ‘आळसावलेले’वर मान हलवली होती, तोही आता हसत होता. नऊशे शब्द शेंगेकडे पाहणाऱ्या माणसाने गाय पाहिलीच नाही, असे त्याचा बाप भर सभेत सांगत होता.

तो उठला.

“माझ्या लेखनात काल्पनिक काही नसतं,” तो म्हणाला. आवाज वर्गातला होता. “चरवी आहे. पितळी आहे, काठाला पोचा आहे. तांबडी डावीकडून गरीब आहे आणि उजवीकडून मारकी. शेवटची धार रोज निघते, माझ्या आठवणीत एक दिवस चुकलेली नाही, आणि तिचा चहा मी रोज पितो. हे मी पाहून लिहिलं आहे. खालची ओळ मी काल भीतीनं घातली. वाङ्मयीन दृष्ट्या ती चूक होती.”

पंखा फिरत होता. आप्पा मुलाकडे पाहत होते. डोळ्यांत राग नव्हता, एखादे अवजार चुकीच्या बाजूने धरले गेल्यावर माणूस जसा त्याकडे पाहतो तसे काहीसे होते. नकुशीबाईने बसल्या जागेवरूनच विचारले, मोठा आवाज न करता.

“मंजी तुमच्यात बी ठिवत्यात. मग माझीच चरवी चोरीची कशी, आप्पा?”

मागून बाळासो उठले. गेली दोन वर्षे ते आप्पांच्या खुर्चीकडे ज्या नजरेने पाहत, ती सर्वांना माहीत होती. त्यांनी उपसूचना मांडली की एकतर दोन्ही नावे काढा, नाहीतर दोन्ही ठेवा. सभा त्यांच्याकडे वळू लागली.

आप्पांनी ती वळताना पाहिली आणि तिच्या आधी स्वतः वळले.

“उपसूचना कशाला? मीच मांडतो ठराव. घरच्या लेकराबाळांसाठी शेवटची चरवी ठिवायला सभासदाला हरकत नसावी. मान्य असंल तर हात वर करा.”

हात इतक्या चपळाईने वर गेले की सत्यजीत चकित झाला. मघाशी हसणारे सारे हात त्यात होते. रांगेमागून रांग, एकही खाली राहिला नाही. पोपटने दोन्ही वर केले होते. त्या घाईत त्याला हळूहळू दिसू लागले की तळवस्तीच्या प्रत्येक घरात फळीवर एक चरवी आहे, मोहिमेच्या आधीपासून आहे, मोहिमेतही होती, आणि नकुशीबाईचा गुन्हा इतकाच की तिने ते विचारल्यावर सांगितले. एकाच धारेला मोठ्या गोठ्यात आस्वाद म्हणतात आणि लहान गोठ्यात चोरी. हा फरक कळायला त्याला एम. ए. कधीच उपयोगी पडले नव्हते.

इतिवृत्त आप्पांनी स्वतः सांगितले. ‘माननीय चेअरमन यांच्या प्रेरणेने, सभासदांच्या मुलाबाळांच्या पोषणाचा साकल्याने विचार होऊन.’ नकुशीबाईचे नाव परत लागले. सत्यजीतने विचारले की आपले निवेदन कुठे घ्यायचे.

“नगं घेऊ,” आप्पा म्हणाले. “ठरावाला लागत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच भिंतीवरच्या वाक्यातला मधला भाग चुन्याने पुसून झाला. ‘सभासदाचे दूध’ एका टोकाला उरले आणि ‘संस्थेचे’ दुसऱ्या टोकाला. मध्ये पांढरी जागा. आधुनिक कवितेच्या अभ्यासकाला ती रचना आवडायला हरकत नव्हती, पण सत्यजीतचे तिकडे लक्ष नव्हते. तो ओसरीवर बसून नवा लेख लिहीत होता. शीर्षक ‘साक्ष’. एकटा माणूस, लेखणी, हसणारा समुदाय आणि सत्याचा उच्चार, असा त्याचा आराखडा होता. समोरच्या रस्त्यावरून नकुशीबाई किटली घेऊन संस्थेकडे गेली. तिने ओसरीकडे पाहिले, मान हलवली, थांबली नाही. रांगेत नंबर लावायचा होता.

साखरबाईने चहा आणून ठेवला. सत्यजीतने घोट घेतला आणि कपात पाहिले.

“आई, आज चहा पातळ आहे.”

“पयल्या धारंचा हाय.”

“चरवी?”

“करिश्माकडं धाडली. ग्वाड वाचती पोरगी. येकदाबी अडखळली न्हाई.”

म्हणजे आईला लेख आवडला, असे त्याला वाटले. आणि आई कधी नव्हे ते आपल्या लेखनाविषयी बोलते आहे, हेही. त्याने वही बाजूला ठेवली आणि लेख कसा वाटला ते विचारले. साखरबाई उंबऱ्यात टेकली. तिने विचार केला. लेख तिने एकदाच ऐकला होता, पण पूर्ण ऐकला होता.

“चांगला हाय. समदं हाय त्यात. गाय हाय, सड हाईत, बादली हाय. चरवी हाय, तिचा चहा हाय, चहा पेनारा हाय. धार काढनारं मानूस तेवढं न्हाई. मी ऐकत बसले, म्हटलं आता यील, मग यील. मग मला वाटलं, ह्याच्या गाईचं दूध आपलं आपनच निघत आसंल.”

ती रागावलेली नव्हती. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि गोठ्याकडे निघून गेली, कारण तांबडी हंबरत होती आणि उजव्या बाजूने ती दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नसे.

सत्यजीतने ‘साक्ष’ उघडला आणि पहिल्या परिच्छेदात आईसाठी जागा शोधू लागला. एकटा माणूस, लेखणी, समुदाय. वाक्ये घट्ट बांधलेली होती. कुठे कुणाला बसवावे ते कळेना. त्याने दोन वाक्ये खोडली, एक पुन्हा लिहिले. तोवर कपातला चहा निवला होता, आणि निवल्यावरही त्याच्यावर साय धरली नव्हती.